पेन्शन नावाचा डाव

गळा आवळताना समोरच्याला 'अहो' म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. "अहो, हनुवटी जरा वर घ्या, हात आत जात नाहीये," असं ते इतक्या अदबीनं सांगत की हनुवटी आपोआप वर जाई. मग हात आत जाई, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागत आणि कानाशी आवाज येई, "त्रास होत असेल तर सांगा हं." आवळलेल्या गळ्यानं सांगायचं कसं, हा विचार त्यांनी कधी केलेला दिसला नाही.

आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते एकोणसाठ वर्षांचे होते. वीज कंपनीत तीस वर्षं मीटर तपासण्याचं काम करून मुदतीआधीच बाहेर पडले होते आणि कसबा पेठेत, तांब्याच्या भांड्यांच्या दुकानावरच्या एका हॉलमध्ये सकाळी सहा वाजता ब्राझिलियन जुजुत्सू शिकवत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं लोक त्यांना विचारत. ते म्हणत, "दोन्हीकडे रीडिंग खरं लागतं."

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही कुस्तीचीच लांबची नातलग. जाड सुती जाकीट घालायचं, कमरेला पट्टा बांधायचा आणि चटईवर झुंजायचं. फरक इतकाच की इथे पाठ टेकली म्हणजे हरलो असं नसतं, खरा धंदा पाठ टेकल्यावरच सुरू होतो. समोरच्याचा गळा किंवा हातपायाचा सांधा पकडीत घ्यायचा. सापडलेल्यानं हातानं दोनदा थापटायचं, की समोरच्यानं ताबडतोब सोडायचं. याला टॅप म्हणतात. ना पंच, ना वाद, ना अपील. सर म्हणायचे, अख्ख्या पुण्यात 'माझं चुकलं' असं दोन सेकंदांत कबूल करणारी माणसं फक्त या हॉलमध्ये सापडतील.

ते स्वतः या फंदात पडले ते तक्रार करायला जाऊन. नव्या मीटरांचं प्रशिक्षण घ्यायला कंपनीनं त्यांना सहा महिने बंगळुरूला पाठवलं होतं. राहायच्या जागेच्या वरच्या मजल्यावर रोज सकाळी धाडधाड माणसं पडत. तिसऱ्या दिवशी सर लेखी तक्रार घेऊन वर गेले. तिथल्या शिक्षकानं ती शांतपणे वाचली आणि म्हणाला, आवाज किती होतो ते तुम्हीच पडून बघा. सर पडले. तक्रार मागे घेतली, फी भरली आणि पुढची दहा वर्षं, पुण्याला परतल्यावरही, पडतच राहिले. त्यातून त्यांना जांभळा पट्टा मिळाला. तो ते इस्त्री करून बांधत.

मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मंडईत भाजीला जाताना पिशवीत स्वतःचं एक किलोचं वजन असे. आधी ते विक्रेत्याच्या काट्यावर ठेवून बघायचं, मगच पेरू घ्यायचे. त्यांना लांबून पाहिलं की विक्रेते वैतागून एक पेरू वर टाकत आणि न्या काका म्हणत. सर तो परत करत. "जास्त दिलंत. हेही माप चुकलंच," म्हणत. मी हे स्वतः पाहिलंय आणि हसलोही आहे. हाच हिशेब पुढे माझ्याच अंगावर येणार आहे हे कळलं असतं तर हसलो नसतो.

मी त्यांच्याकडे गेलो तो अडतिसाव्या वर्षी, पोट आणि हुद्दा दोन्ही वाढल्यावर. खराडीतल्या एका आयटी कंपनीत मी चौदा जणांचा मॅनेजर आहे. दर तिमाहीला त्या चौदा जणांना उद्दिष्टं लिहायला लावणं आणि तिमाही संपली की ती का झाली नाहीत याची सुंदर कारणं लिहिणं, हे माझं काम. त्यामुळे पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं की इथे प्रत्येकाची दोनशे पानी वही असते, महिन्याच्या एक तारखेला त्यात उद्दिष्ट लिहायचं आणि ते मी तपासतो, तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं.

मी लिहिलं, 'सहा महिन्यांत निळा पट्टा मिळवणे.' दुसऱ्या दिवशी वही परत आली. लाल पेनानं आडवी रेघ आणि शेरा: 'पट्टा मी देणार. म्हणजे हे उद्दिष्ट माझं झालं. तुमच्या हातात काय आहे ते लिहा.' मी लिहिलं, 'तंत्रात सर्वांगीण सुधारणा.' शेरा आला: 'कुठलं तंत्र? कोणावर? किती वेळा?' तिसऱ्यांदा मी ऑफिसातली सगळी हुशारी पणाला लावून अर्धं पान भरलं, त्यात प्रवास होता, सातत्य होतं, स्वतःचा शोध होता. सरांनी त्याखाली फक्त 'फॅन' असं लिहिलं होतं. मी विचारायला गेलो तेव्हा म्हणाले, "हवा चांगली आहे. आता काम लिहा."

शेवटी मंजूर झालं ते उद्दिष्ट असं होतं: 'कोणी छातीवर बसलं तर काहीही करण्याआधी दहा श्वास मोजणे.' महिनाभर माझ्या छातीवर आलटून पालटून एक सीए, एक खानावळवाला आणि एक वकिलीचा विद्यार्थी बसले. मी चार श्वासांवर गुदमरायचो. सर शेजारी उकिडवे बसून, गळ्यातलं स्टॉपवॉच हातात धरून म्हणायचे, "घाबरा, हरकत नाही. पण मोजून घाबरा." महिनाअखेर मी दहावर पोहोचलो. नोकरीत पंधरा वर्षांत इतकं खरं असं एकही उद्दिष्ट मी पूर्ण केलेलं नव्हतं, आणि मला रडू आलं होतं हे इथे कबूल करतो.

सरांची स्वतःचीही वही होती. आमच्यापेक्षा जाड, कापडी बांधणीची. त्यांच्याही उद्दिष्टाला आमच्यासमोर तपासणी असे. साठावा वाढदिवस झाला त्या सकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवलं आणि ते वाचून दाखवलं. 'साठीनंतर हे अंग शिकू शकतं की नाही ते मोजणे.' त्याखाली अट होती. सलग तीन महिन्यांत अंगानं आपल्याइतक्या किंवा आपल्याहून भारी अशा एकाही विद्यार्थ्याकडून टॅप घेता आला नाही, तर चटया गुंडाळायच्या आणि वर्ग बंद करायचा. बंद पडलेलं मीटर भिंतीवर ठेवत नाहीत, असं ते म्हणाले. सीएनं टाळ्या वाजवल्या. त्याला ते भाषण वाटलं होतं.

पण सर अट म्हणजे अट मानणारे होते, आणि त्यांच्या बोटांनी दगा दिला होता. सांधे सुजून बोटं आखडली होती. सकाळी पांढरी चिकटपट्टी गुंडाळून ते येत. या विद्येत सगळा जीव पकडीत असतो, समोरच्याची कॉलर आणि बाही मुठीत धरता आली नाही तर पुढचं काही होत नाही. पहिला महिना कोरा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी माझी कॉलर धरली आणि गळा आवळायला सुरुवात केली.

काहीच होत नव्हतं. मी तसाच बसून ऑफिसच्या वेळेपर्यंत राहू शकलो असतो. त्यांचा श्वास वर-खाली होत होता, चिकटपट्टीखालची बोटं कॉलरवरून घसरत होती. "त्रास होत असेल तर सांगा हं," ते म्हणाले, आणि त्या आवाजात पहिल्यांदाच मला विनंती ऐकू आली. मला वाटलं, हे बंद झालं तर सकाळी सहाला मी कुठे जाणार? मला एवढ्या आदरानं छळणार कोण? मी दोनदा थापटलं.

त्यांनी लगेच सोडलं. "दुखलं का?"

"खूप, सर," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला आपण मोठं पुण्यकर्म केल्यासारखं वाटलं. त्यांनी वहीत तारीख घातली, माझं नाव लिहिलं. त्या दिवशी ऑफिसात मी सगळ्यांशी गोड वागलो.

एकदा केलेली दया दुसऱ्यांदा करणं सोपं जातं. मग मी सीएला सांगितलं, सीएनं खानावळवाल्याला. नवा कोणी आला की मी त्याला जिन्यातच गाठून पाच मिनिटांत सगळं समजावत असे. कपडे कुठे बदलायचे, वही कुठली आणायची, आणि सरांनी गळा धरला की साधारण आठ मोजून थापटायचं. लवकर थापटलं तर त्यांना संशय येतो, उशिरा थापटलं तर ते दमतात. हा आठ आकडा मी अनुभवानं काढला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

लोणी काळभोरहून एक पैलवान एकदा पाहुणा म्हणून आला होता. नव्वद किलोचा गडी, कान मोडलेले. मी त्यालाही जिन्यात गाठलं. तो ऐकून घेत म्हणाला, "म्हंजी नुरा कुस्ती करायची व्हय?" ठरवून खेळलेल्या कुस्तीला तालमीत नुरा म्हणतात. मी म्हणालो, तसं नाही, आदर आहे हा. "आदर हाय तर पडतो की," तो म्हणाला आणि असा पडला की खालच्या दुकानातली घागर वाजली. सर त्या दिवशी जिलबी घेऊन आले.

पेन्शनचं बारसं झालं ते त्यानंतरच्या आठवड्यात.

सरांना वाटलं की आपल्याला काहीतरी सापडलंय. बोटांनी पकड घेता येत नाही म्हणून त्यांनी पाठीवर पडल्या पडल्या समोरच्याची बाही नुसत्या मनगटानं अडकवायला सुरुवात केली होती. मनगट अडकवायचं, गुडघा त्याच्या कमरेला लावायचा आणि कडेला लोळायचं, की वरचा माणूस उलटा होऊन खाली येतो. ताकद लागत नाही, पकड लागत नाही. आडवं पडून राहायचं आणि मिळेल ते घ्यायचं, म्हणून नाव पेन्शन. आम्ही सगळे त्यांच्या वजनाचे किंवा जास्तच, आणि सगळे उलटे होत होतो. नव्वद किलोचा पैलवानसुद्धा झाला होता. वहीत पुरावा होता.

या डावाला एकच गोष्ट लागत होती. समोरच्यानं आपला हात ओढून न घेणं. हात मागे ओढला की मनगटाची अडकण सुटायची आणि पेन्शन तिथेच बंद पडायचं. हे आम्हा बाराही जणांना माहीत होतं आणि बाराही जण हात तिथेच ठेवून विनयानं लोळत होतो. सरांनी त्या डावाची अकरा पायऱ्यांची टिपणं काढली. ती आम्हाला सांगून लिहून घ्यायला लावली. मी सुंदर अक्षरात लिहून घेतली. खोट्यावर बांधलेली इतकी नेटकी कागदपत्रं मी ऑफिसातही पाहिली नव्हती, आणि तिथे तर मी स्वतः ती तयार करतो.

एका व्यक्तीला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. शबाना. तिच्या वडिलांचं पेठेतच चष्म्याचं दुकान, ती तिथे डोळे तपासायला बसायची. वय चोवीस, वजन अठ्ठेचाळीस किलो. आपल्याहून हलक्या माणसावर रीडिंग घ्यायचं नाही, हा सरांचा नियम, त्यामुळे तिला ते डाव शिकवत, पण तिचा टॅप कधी मोजत नसत. म्हणून तिला जिन्यात गाठायची वेळच आली नव्हती. ती पेन्शन मनापासून शिकली. सरावाला आम्हीच. आणि तिनं बाही अडकवली की आम्ही तिच्यासाठीही पडायचो, कारण तिच्यावेळी हात ओढला असता तर सरांच्या लक्षात आलं असतं.

मग तिनं एक तारखेला वहीत लिहिलं: 'राज्य पातळीच्या स्पर्धेत पहिल्या लढतीत पेन्शन लावणे.' सरांनी ते वाचलं आणि लाल पेन न वापरता वही परत दिली. असं आधी कोणाच्या बाबतीत झालं नव्हतं. तिचे वडील सुरुवातीपासून या खेळाच्या विरोधात होते. या वेळी ते स्पर्धा बघायला येणार होते, दुकान बंद ठेवून.

आदल्या दिवशी ती मला मंडईत भेटली. लिंबं घेत होती, सरबतासाठी. मी तिच्यासमोर पिशवी घेऊन उभा राहिलो. सांगायचं होतं ते अगदी ओठांवर होतं. उद्या तो डाव लावू नकोस, तो चालत नाही, एवढीच दोन वाक्यं. ती म्हणाली, "दादा, मी रात्री स्वप्नात पण पेन्शनच लावते." मी म्हणालो, "ऑल द बेस्ट." मग घरी येऊन मी स्वतःला समजावलं की न जाणो, लागेलही. मी किती भेकड आहे हे मला त्या दिवशी नीट कळलं. छातीवर कोणी बसलेलं नसतानाही.

तिची लढत चाळीस सेकंदांत संपली. समोर कोल्हापूरची मुलगी होती. शबाना पाठीवर गेली, मनगट अडकवलं, गुडघा लावला, सगळं अकरा पायऱ्यांप्रमाणे. त्या मुलीनं हात मागे ओढला. दारावर कोणी ओळखीचं नाही म्हटल्यावर दार लावून घ्यावं इतक्या सहज. मग शबानाचे पाय बाजूला सारून ती छातीवर आली, हात पकडला, आणि शबानानं थापटलं. वडील मोबाइल धरून उभे होते, त्यांचं चित्रीकरण अजून नीट सुरूही झालं नव्हतं. सर माझ्या शेजारी होते. त्यांनी स्टॉपवॉच बंद केलं आणि कितीतरी वेळ आकड्याकडे बघत राहिले.

सोमवारी सकाळी ती हॉलमध्ये आली. कोपर बांधलेलं होतं. सगळे वॉर्मअप करत होते. ती सरळ सरांसमोर उभी राहिली.

"सर, मी रविवारभर घरी भावावर लावून बघितलं. त्याला यातलं काही येत नाही. त्यानं पण हात काढून घेतला. ते चालत नाही, सर. ते फक्त आपल्या हॉलमध्ये चालतं."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. एखाद्या घरातला फ्रिज, गिझर, पाण्याचा पंप मोजायचा, मग मीटरवरचा आकडा बघायचा, आणि घरमालकाच्या चेहऱ्याकडे वळायचं. आम्ही बारा घरमालक चटईकडे बघत होतो.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मीच बोललो. तारीखही सांगितली.

"दोन वर्षं," सर म्हणाले. "दोन वर्षं तुम्ही लोकांनी माझं मीटर मागे फिरवलंत." आवाज चढला नव्हता. त्यांनी वही काखोटीला मारली, पट्टा सोडून घडी केला आणि जिना उतरून गेले.

आठवडाभर ते आले नाहीत. शबानानं किल्ली मागून घेतली आणि वर्ग चालू ठेवला. ती आमच्याशी मोजकंच बोलायची, आणि रोज आम्हाला एकेक करून पेन्शन लावायला लावून हात ओढून घ्यायची. त्यातून शिकण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. ती शिक्षा होती आणि आम्ही ती मुकाट्यानं घेतली.

नवव्या दिवशी मी सरांच्या घरी गेलो. ते टेबलाशी बसले होते, समोर कापडी वही आणि लाल पेन. बसा म्हणाले. पाणी दिलं. मग चष्मा लावून वाचायला लागले, "चौदा तारीख, मंगळवार. तुम्ही. कॉलरची पकड. खरा की खोटा?"

"खोटा, सर."

लाल रेघ. "एकवीस तारीख. तुम्ही. पुन्हा कॉलरची पकड."

"खोटा."

असं पाऊण तास चाललं. प्रत्येक नोंदीला ते तेवढंच शांतपणे विचारत आणि मी तेवढंच हळू उत्तर देई. काही दिवस मला आठवत नव्हते, ते त्यांनी खोट्यात धरले. मध्ये त्यांच्या पत्नी चहा ठेवून गेल्या. पानंच्या पानं लाल झाली. आणि मग एका नोंदीवर मी थांबलो.

"हा खरा होता, सर."

त्यांनी मान वर केली नाही. "कसा?"

"मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो, ऑफिसला उशीर होत होता म्हणून. तुम्ही हात पकडलात. मला खरंच कळलं नाही कधी. आठवडाभर कोपर दुखत होतं."

आता त्यांनी चष्मा काढला. "आणि हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, हे मी कशावरून धरायचं?"

दोन वर्षांत मी त्यांना दिलेली एकुलती एक खरी गोष्ट समोर होती आणि ती खरी आहे हे पटवण्याची लायकी मीच घालवून बसलो होतो. त्यांनी त्या नोंदीवर ना रेघ मारली ना खूण केली. पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मला वाटलं होतं ते रागावतील, घालवून देतील. त्या प्रश्नचिन्हाइतकं काही लागलं नसतं.

"उद्या सहाला या," एवढंच म्हणाले. "सगळ्यांना सांगा. शेवटचं रीडिंग घेऊ, मग चटया गुंडाळू."

दुसऱ्या दिवशी सर पट्टा इस्त्री करून आले. शबानाला त्यांनी स्टॉपवॉच दिलं. मग पाठीवर आडवे झाले आणि म्हणाले, एकेक या. पेन्शन लावणार आहे. आज कोणी आदर करायचा नाही.

सीए आला. सरांनी मनगट अडकवलं, सीएनं हात ओढला, सुटला. "पुढचे." खानावळवाल्यानं हात ओढला. वकिलीच्या विद्यार्थ्यानं ओढला. अकरा जणांनी अकरा वेळा हात मागे घेतला, आणि दर वेळी सर पडल्या जागेवरून नुसते बघत राहिले. शेवटी शेवटी तर ते अडकवण्याचा प्रयत्नही नीट करत नव्हते. मला ते बघवत नव्हतं. शबानाचंही लक्ष घड्याळावर नव्हतं.

बारावा मी. गुडघ्यांवर बसलो. त्यांनी मनगट माझ्या उजव्या बाहीत अडकवलं. मी मनात म्हटलं, आता एकदा तरी खरं वाग, आणि सगळी ताकद लावून हात मागे ओढला.

हात सुटला. पण तो सुटून मागे गेला त्याच क्षणी सरांचा पाय माझ्या खांद्यावरून मानेमागे आला. एक हात माझा बाहेर, दुसरा आत, आणि मध्ये माझी मान. दुसरा पाय पहिल्यावर बसला. या पकडीला बोटं लागतच नाहीत, मांड्या लागतात, आणि मांड्या त्यांच्या शाबूत होत्या. ते अकरा वेळा आडवे पडून मार खात नव्हते, मोजत होते. हात ओढणारा प्रत्येक माणूस एकाच पद्धतीनं ओढतो, आणि ओढला की मान उघडी टाकतो. हे त्यांना दोन वर्षांपूर्वीच सापडलं असतं. आम्ही कोणी हात ओढलाच नव्हता.

हे सगळं मला नंतर सुचलं. त्या वेळी मला फक्त एवढं कळलं की हवा संपली. मी थापटलं.

त्यांनी सोडलं नाही.

मी पुन्हा थापटलं, त्यांच्या मांडीवर, दोनदा, चारदा. वरून अदबीचा आवाज आला, "अहो, खरा का हा?"

मला बोलता येत नव्हतं. होकारार्थी मान हलवावी तर मान त्यांच्याकडे होती. डोळ्यांपुढे काळं येऊ लागलं, आणि आयुष्यात कोणी माझ्यावर विश्वास ठेवावा असं मला इतकं कळवळून कधी वाटलं नव्हतं.

"सर, सोडा," शबाना म्हणाली. "खरा आहे. डोळे बघा त्यांचे."

सुटलो. चटईवर पालथा पडून मी खोकत राहिलो. खाली दुकान उघडलं होतं, भांडी मांडल्याचा आवाज येत होता. सर हातांवर रेलून उठले, माझ्याजवळ उकिडवे बसले.

"दुखलं का?"

मी मान हलवली. आवाज फुटत नव्हता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यातलं किती गळ्याचं आणि किती दुसऱ्या कशाचं ते मला विचारू नका. त्यांनी बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग वही मागवली. जिथे लाल रेघांची पानं संपत होती त्याच्या पुढच्या कोऱ्या पानावर तारीख घातली, माझं नाव लिहिलं, आणि पेन शबानापुढे धरलं.

"खरा की खोटा ते तुम्ही लिहा," ते म्हणाले. "मी लिहिलं तर मलाच पटायचं नाही."

शबानानं बांधलेल्या हातानं सावकाश 'खरा' असं लिहिलं आणि खाली सही केली. सरांनी ती सही वाचून पाहिली, वही मिटली, आणि सगळ्यांना विचारलं की चटया तशाच राहू देत ना.